कोतवाल, शिपाई आणि आपण

लहान मूल जेवीत नसलें म्हणजे त्यास बागुलबुवाची भीति घालण्याची चाल आपल्या घराघरांतून आहे. आणि बागुलबुवानें काम भागलें नाहीं म्हणजे "थांब, पोलिसाला बोलावतें" हें दुसरें अस्त्र बाहेर निघतें. हेंच मूल मोठें होऊन रस्त्यावर गाडी हांकूं लागलें म्हणजे त्याच पोलिसास तोंडावर 'मामा' म्हणतें आणि त्याची पाठ फिरतांच 'पांडू' म्हणतें. १९७५ सालीं दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' हा चित्रपट आला आणि एका साध्या मराठी नांवाची कायमची थट्टा होऊन बसली. भीति, लाडीगोडी आणि कुचेष्टा या भावनांना आपल्या भाषेंत असे तयार शब्द आहेत. पोलिसाविषयींच्या विश्वासास मात्र असा घरगुती शब्द मला अद्याप आढळला नाहीं.

याचें कारण विचारलें तर सुशिक्षितांचें उत्तर ठरलेलें असतें. पोलीस ही परक्या सरकारनें आपल्या डोक्यावर आणून बसविलेली संस्था, म्हणून ती लोकांस कधीं आपली वाटली नाहीं, असें ते सांगतात. हें उत्तर अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें शोधावयाचें तर इंग्रजांच्याही मागें जावें लागतें, आणि इंग्रज गेल्यानंतरच्या काळांतही उतरावें लागतें.

पेशवाईअखेर महाराष्ट्रांतल्या खेड्यांत पोलीस असा निराळा मनुष्य नव्हता. होती ती जबाबदारी. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. गांवचा बंदोबस्त पाटलाकडे. पहाऱ्याचें काम जागल्याकडे, मग तो कोठें महार असे, कोठें रामोशी, कोठें भिल्ल. चोरी झाली म्हणजे जागल्यानें चोराचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला कीं तेथील जागल्यानें तो पुढें चालवावयाचा; आणि ज्या गांवच्या हद्दींत माग हरवेल त्या गांवानें गेलेल्या मालाची भरपाई करून द्यावयाची. ही पद्धति निर्दोष होती असें कोणीं समजूं नये. निरपराध गांवास भुर्दंड बसे. रामोशांस रखवालीचा हक्क मिळाला नाहीं तर तेच दरोड्यास निघत, म्हणजे रखवालीचें वेतन ही एका अर्थीं खंडणीच होती. तरी तो रखवालदार गांवचा होता. त्याचें पोट गांवच्या खळ्यावर पिकत असे, त्याची बायकामुलें गांवच्याच विहिरींच्या आधारानें राहत, आणि त्यानें कामांत कुचराई केली तर ती कोणीं केली हें सगळ्या गांवास ठाऊक असे. नव्या राज्यांत हे हक्क बुडाले तेव्हां रखवालदारांतूनच बंडखोर निपजले. उमाजी नाईकास १८३२ सालीं फांशी झाली ती रखवालीच्या या मोडलेल्या घडीची एक परिणति होती, हें आपण त्यांची जयंती करतांना सहसा ध्यानांत घेत नाहीं.

शहराची गोष्ट निराळी होती. तेथें शीव नाहीं, माग नाहीं, आणि शेजारीही रोजचा ओळखीचा नाहीं. तेथें कोतवाल पाहिजे. पुण्याच्या कोतवालाकडे जीं कामें होतीं त्यांची यादी वाचली म्हणजे आजचें पोलीसखातें आणि नगरपालिका यांची बेरीज केल्यासारखें वाटतें. बाजाराचे भाव पाहणें, वजनें-मापें तपासणें, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें, परगांवाहून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणें, किरकोळ तंटे तोडणें, व्यभिचारापासून जुगारापर्यंत नाना प्रकारच्या अपराधांवर दंड बसविणें, हें सर्व त्याच्या चावडींतून चाले. रात्रीं तोफ झाली कीं रस्ते बंद. त्यानंतर जो फिरतांना सांपडेल त्यास सकाळपर्यंत चावडींत बसून काढावें लागे.

या जागेवर १७७७ च्या फेब्रुवारींत नाना फडणिसांच्या मर्जीनें घाशीराम सावळदास या औरंगाबादकडील गौड ब्राह्मणाची नेमणूक झाली, आणि चौदा वर्षें तो त्या जागेवर टिकला. चौदा वर्षें ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. घाशीराम म्हटला कीं आपल्याला त्याचा शेवट आठवतो, आणि त्या शेवटाच्या उजेडांत सगळी कारकीर्द एकाच रात्रीची असावी असें वाटूं लागतें. प्रत्यक्षांत पुण्याचा बंदोबस्त त्याच्या काळांत कडक होता, चोर दबून होते, आणि सावकार सुखानें झोंपत होते. तक्रारी होत नव्हत्या असें नाहीं. पण ज्यांच्या तक्रारी ऐकल्या जात अशा लोकांपर्यंत कोतवालाचा हात पोंचला नव्हता तोंपर्यंत त्या तक्रारी वाऱ्यावर गेल्या.

तो हात १७९१ च्या ऑगस्टअखेर पोंचला. श्रावणमासाच्या दक्षिणेकरितां आलेले तेलंगी ब्राह्मण भवानी पेठेंतील घाशीरामाच्या बागेजवळ उतरले होते. बागेंतील फळें तोडल्यावरून कटकट झाली, आणि कोतवालाच्या माणसांनीं तीसपस्तीस जणांस धरून एका कोंदट खोलींत कोंडलें. रात्र गेली, पुढचा दिवसही जाऊं लागला. सरदार मानाजी फाकडे यांस बातमी लागली व त्यांनीं कुलूप तोडविलें, तेव्हां आंत वीसाहून अधिक माणसें गुदमरून मेलेलीं सांपडलीं. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. ब्राह्मणांचा जमाव सरकारवाड्यापुढें जमला. नानांनीं चौकशीच्या गोष्टी बोलून पाहिल्या, जमाव हलेना. शेवटीं कोतवाल जमावाच्या स्वाधीन करण्यांत आला, त्याची गांवांतून धिंड निघाली, आणि ३१ ऑगस्ट रोजीं लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारलें.

घाशीराम क्रूर होता, याबद्दल मला वाद घालावयाचा नाहीं. मला विचार पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोतवालीच्या दंडांचें उत्पन्न सरकारांत जमा होत असे; दंड जितके अधिक वसूल होतील तितका कोतवाल कर्तबगार ठरे. हें माप कोणीं ठरविलें होतें? ज्या कारभाऱ्यानें त्यास नेमलें, चौदा वर्षें पाठीशीं घातलें आणि त्याच्या जमाखर्चावर सही केली, तो कारभारी दुसऱ्या दिवशीं कचेरींत बसलेला होता. कोतवालीही तशीच राहिली, दंडही राहिले. फक्त मनुष्य बदलला. लोकांचा राग पुरा झाला आणि सरकारचें कांहींच गेलें नाहीं. मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ सालीं घाशीरामावर पुस्तक लिहिलें, आणि १९७२ च्या डिसेंबरांत तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें. आपलें नाटक हें ऐतिहासिक नाटक नव्हे, असें नाटककारानें स्वतःच सांगून ठेवलें आहे, आणि त्यांतील कित्येक प्रसंगांस दप्तराचा आधार नाहींही. पण सत्ता आपल्या सोयीसाठीं कोतवाल घडविते आणि सोय संपली म्हणजे त्यास जमावापुढें टाकते, हें जें त्यांत दिसतें तें दप्तरांत शोधणारासही सांपडतें. नाटकावर जे रागावले त्यांनीं दप्तराकडे थोडें अधिक लक्ष दिलें असतें तर बरें झालें असतें.

आतां इंग्रजांकडे वळूं. लोकांचा पोलीस म्हणून ज्याचा गौरव होतो त्या लंडनच्या पोलिसाचा जन्म २९ सप्टेंबर १८२९ चा. गृहमंत्री रॉबर्ट पील यानें त्याचा अंगरखा मुद्दाम निळा ठेवला, कारण तांबडा रंग लष्कराचा होता. हातांत बंदूक न देतां लांकडी दंडुका दिला. तरी लंडनचे लोक त्याजवर थुंकत असत. १८३३ च्या मे महिन्यांत कोल्डबाथ फील्ड्स येथील सभा मोडतांना रॉबर्ट कली नांवाचा शिपाई सुरीच्या घावानें ठार झाला, आणि चौकशीस बसलेल्या पंचांनीं हा वध समर्थनीय आहे असा निर्णय दिला. त्या पंचांचे लंडनकरांनीं सत्कार केले! ज्या इंग्रजांच्या घरीं पोलिसाविषयीं इतका अविश्वास होता त्यांच्याच घरीं पुढें पन्नास वर्षांत तो शिपाई लोकांच्या गळ्यांतला ताईत झाला. ही किमया आपोआप झाली नाहीं. तो निःशस्त्र होता, ज्या वस्तींत फिरे त्या वस्तीच्या तोंडओळखीचा होता, आणि त्याच्या नांवानें पार्लमेंटांत प्रश्न विचारतां येत.

हिंदुस्थानांत आला तो हा लंडनचा पोलीस नव्हे. आला तो आयर्लंडचा. आयर्लंडांत इंग्रजांनीं जें दल उभें केलें तें सशस्त्र होतें, बराकींत राहणारें होतें, आणि त्यांतील शिपायास त्याच्या स्वतःच्या परगण्यांत नेमीत नसत. १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनें त्याच नमुन्यावर सिंधचे पोलीस बांधले, आणि सिंध मुंबई इलाख्यास जोडलेला असल्यामुळें तें वळण प्रथम आपल्याकडेच उतरलें. पुढें १८५७ चा उत्पात झाला, कमिशन बसलें, आणि १८६१ चा पांचवा कायदा झाला. मुंबई इलाख्यानें आपला कायदा १८६७ त निराळा केला, तरी मूस तीच. लोकांस आपल्या शेजारचा रखवालदार वाटावा हा त्या मुशीचा उद्देशच नव्हता. प्रांत ताब्यांत रहावा हा होता.

याच १८६१ सालांत आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मतें या सगळ्या इतिहासांतील ती सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मद्रास इलाख्यांत महसूल व पोलीस यांच्या हातून होणाऱ्या छळाच्या चौकशीचा अहवाल १८५५ त प्रसिद्ध झाला होता. तो वाचून हादरलेल्या सरकारनें १८६१ च्या फौजदारी संहितेंत असा नियम घातला कीं, पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तोच नियम पंचविसावें कलम होऊन बसला, आणि १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष अधिनियम लागू झाला त्यांतही तो कायम आहे. म्हणजे ज्या वर्षीं सरकारनें पोलीसदल निर्माण केलें त्याच वर्षीं त्या दलावर विश्वास ठेवूं नये अशी कायद्यानें न्यायाधीशांस आज्ञा केली. ती आज्ञा योग्य होती यांत शंका नाहीं. छळाला आळा घालण्यास दुसरा मार्ग नव्हता. पुराव्याचा कायदा रचणारे स्टीफन साहेब यांनींच पुढें लिहितांना छळाच्या मुळाशीं क्रौर्यापेक्षां आळस अधिक असतो, असें सुचविलें आहे. तथापि या नियमाची दुसरी बाजू अशी कीं, ज्याचा शब्द कायदाच खोटा धरून चालतो त्या मनुष्यास खरें बोलण्याची संवय लागावी कशी? तपास करणारा फौजदार कोर्टांत उभा राहतो तेव्हां आपल्या एकट्याच्या सांगण्यास किंमत नाहीं हें त्यास ठाऊक असतें. म्हणून तो पंच जमवितो, आणि पंच मिळेनात म्हणजे ओळखीचे पंच जमवितो. ठराविक पंचांच्या सह्या ज्यांनीं कागदोपत्रीं पाहिल्या आहेत त्यांस मी काय म्हणतों तें कळेल.

मुंबई शहराचा अनुभव याहून थोडा निराळा होता, कारण तेथें व्यापार होता. तेथील पहिला डेप्युटी ऑफ पोलीस जेम्स टॉड लांचलुचपतीच्या आरोपावरून १७९० त पदभ्रष्ट झाला, आणि पुढें बराच काळ त्या खात्याची कीर्ति तशीच राहिली. ती पालटली चार्ल्स फोर्जेट यानें. हा हिंदुस्थानांत जन्मलेला, देशी भाषा तोंडपाठ असलेला मनुष्य. वेष पालटून तो बाजारांत आणि वस्त्यांत हिंडे. १८५७ त शहरांतील पलटणींत शिजत असलेला कट त्यानें सोनापुराजवळच्या एका घरांत भिंतीआडून ऐकला, आणि १५ ऑक्टोबर रोजीं सय्यद हुसेन व मंगल गडिया यांस एस्प्लनेडच्या मैदानांत तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनीं त्यास मानपत्रें दिलीं, थैली दिली. ताडदेवास त्याच्या नांवाचा रस्ता आहे. ज्या दिवशीं सोनापूरच्या त्या दोघांच्या देहाच्या चिंधड्या उडाल्या त्या दिवसाकडे आजचा वाचक निराळ्या डोळ्यांनीं पाहील, आणि तें बरोबरच आहे. पण पोलिसावर प्रेम करणारा असा एक वर्ग याही देशांत होता, आणि तो मालमत्तेचा वर्ग होता, एवढें येथें नोंदवून ठेवलें पाहिजे.

फोर्जेटच्या नांवाचा रस्ता झाला. त्याच्या शिपायांचें काय? निळा अंगरखा आणि पिवळी टोपी घालून मुंबईच्या नाक्यानाक्यावर उभा राहणारा हा शिपाई बहुधा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याकडचा असे. ज्या गांवाहून गिरणींत जाणारा मजूर येई त्याच गांवाहून हाही येई; कित्येकदां एकाच बोटींतून दोघे उतरत. एकानें साचा धरला, दुसऱ्यानें दंडुका. गांवीं दोघांचीं शेतें एकमेकांस लागून, आणि शहरांत संप झाला म्हणजे दोघे समोरासमोर. पुढें मुंबई डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव वगैरे ठिकाणीं ज्या चाळी बांधल्या त्यांत गिरणीकामगार राहिले तसे पोलीसही राहिले. शिपायाच्या मनावर जो ताण पडतो त्याची चर्चा हल्लीं मानसशास्त्राच्या परिभाषेंत होते. पण त्या ताणाचें पहिलें रूप मला त्या चाळींच्या नकाशांतच दिसतें. सकाळीं ज्याला अडवावयाचें त्याच्याच शेजारीं रात्रीं पथारी पसरावयाची.

लॉर्ड कर्झननें १९०२ त सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलीस कमिशन नेमलें. कमिशननें जो निष्कर्ष काढला तो इतका उघडा होता कीं अहवाल १९०३ त तयार होऊनही सरकारनें तो १९०५ पर्यंत प्रसिद्ध केला नाहीं. पोलीस अकार्यक्षम आहेत, अशिक्षित आहेत, लोक त्यांस लांचखाऊ व जुलमी समजतात आणि त्यांस लोकांचें सहकार्य मुळींच मिळत नाहीं, असा त्याचा सारांश. उपाय म्हणून फौजदाराच्या जागेवर सुशिक्षित तरुणांची सरळ भरती सुरू झाली, शिक्षणशाळा निघाल्या, भांबुर्ड्याची शाळा १९०९ त नाशिकास गेली. सुधारणा चांगली होती, पण तिचा एक परिणाम कोणाच्या लक्षांत आला नसावा. खात्यांत एक आडवी भिंत उभी राहिली. भिंतीच्या वर फौजदार आणि साहेब. खालीं शिपाई आणि हवालदार. आपल्यांतील एखाद्या घरचा मुलगा फौजदार झाला तर पेढे वांटले जातात. शिपाई होणारा मुलगा आपल्या घरांतला नसतो. वर्षानुवर्षें पोलिसाविषयीं जी तक्रार आपण करतों ती बहुतेक या भिंतीखालच्या मनुष्याविषयीं असते, आणि जें कौतुक करतों तें भिंतीवरच्या मनुष्याचें.

राष्ट्रीय चळवळीच्या काळांत हा दुरावा वैरावर गेला. ४ फेब्रुवारी १९२२ रोजीं चौरीचौरा येथें जमावानें पोलीसठाण्यास आग लाविली आणि बावीसतेवीस पोलीस तींत जळून मेले. महात्माजींनीं असहकारिता मागें घेतली. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरास मंगळवार पेठेच्या चौकीवर हल्ला होऊन पोलीस मारले गेले; त्या खटल्यांत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी झाली. हे चौघे निरपराध होते असें सोलापूर आजही मानतें, आणि त्यांचे पुतळे शहराच्या चौकांत आहेत. त्यांच्या हौतात्म्यास उणेपणा आणण्याचा माझा हेतु स्वप्नांतही नाहीं. परंतु चौकींत जे मेले ते कोण होते? तेही याच मातीचे, महिन्याच्या पगारावर चाकरी करणारे. चौरीचौऱ्यास हुतात्म्यांचें स्मारक आहे तसें मेलेल्या पोलिसांचेंही आहे. एकाच गांवांत दोन दगड, आणि दोघांनाही एकमेकांकडे पाहतां येत नाहीं.

स्वराज्य आल्यावर हें पालटेल अशी अपेक्षा होती. कायदा १९५१ त नवा झाला, टोपीवरील मुकुट गेला. आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं आलेल्या त्या मोर्च्यावर ज्यांनीं बंदुका रोखल्या त्यांतही मराठी शिपाई होते, आणि त्यांचीही मागणी मनांतून तीच असेल, असें समजण्यास हरकत नाहीं. पुढील आंदोलनांत एकंदर शंभरावर माणसें गेलीं. हुतात्मा चौक हें आपलें तीर्थस्थान झालें. हुकूम देणाऱ्यांचीं नांवें विधिमंडळाच्या वादांत घेतलीं गेलीं. आणि बंदूक झाडणारा घरीं गेला तेव्हां त्याच्या बायकोनें त्यास काय विचारलें असेल याचा शोध कोणीं घेतला नाहीं.

आतां दुसरी बाजू. २६ मार्च १९७२ रोजीं रात्रीं देसाईगंजच्या पोलीसठाण्यांत एका आदिवासी मुलीवर दोघां पोलिसांनीं अत्याचार केल्याचा खटला झाला. खालच्या कोर्टानें सोडलें, नागपूरच्या खंडपीठानें शिक्षा दिली, आणि १९७८ त सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोडलें. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, हें त्यांतील एक कारण! १९७९ त उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ त कायदा बदलला. पोलिसांच्या ताणाची करुण कहाणी सांगतांना हें ठाणें विसरणारा लेखक मला प्रामाणिक वाटत नाहीं. ठाण्याच्या आंत शिपाई हा गरीब चाकर नसतो; तेथें तो घाशीराम असतो, आणि कोंडलेल्यांच्या दृष्टीनें त्याच्या पगाराचा आंकडा गौण असतो. हे दोन्ही मनुष्य, पिळला जाणारा आणि पिळणारा, एकाच गणवेशांत असतात, आणि कित्येकदां एकाच देहांत. हें कोडें सहानुभूतीनेंही सुटत नाहीं आणि निषेधानेंही नाहीं.

आणीबाणीनंतर १९७७ च्या नोव्हेंबरांत धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, आणि त्यानें १९७९ ते १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. त्याचा आरंभच शिपायाच्या स्थितीपासून आहे, हें त्या आयोगाचें मोठेपण. कामास तासांची मर्यादा नाहीं, सुटीची शाश्वति नाहीं, राहण्यास घर नाहीं, आणि साहेबाच्या घरीं घरगड्याचें काम करावें लागतें, या तक्रारी तेव्हांच्याच. त्याच सुमारास महाराष्ट्रांतील पोलीस कर्मचाऱ्यांनीं संघटना बांधली होती. १९८२ च्या १५ ऑगस्टला मुंबईच्या शिपायांनीं दंडाला काळ्या फिती लाविल्या. १८ ऑगस्टला पहांटे पुढाऱ्यांस अटक झाली, संघटनेची मान्यता गेली, आणि शिपाई रस्त्यावर उतरले. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालूच होता. गिरणीकामगार येऊन त्यांस मिळाले. दुकानें लुटलीं गेलीं, आगगाड्या थांबल्या, लष्कर बोलवावें लागलें. बाबासाहेब भोसले तेव्हां मुख्यमंत्री होते. एकाच बोटीनें आलेले ते दोघे शेजारी एवढ्या वर्षांत प्रथमच एका बाजूला उभे राहिले, आणि दोघेही हरले. सुशिक्षित मुंबईची सहानुभूति त्या दिवशीं कोणाकडे होती हें त्या काळचीं वृत्तपत्रें चाळून पाहणारास कळेल. शिपायाच्या तासांपेक्षां फुटलेल्या कांचांचा हिशेब तेथें अधिक जागा अडवून आहे.

आपल्या प्रेमाची एक रात्र मात्र त्यास मिळाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं गिरगांव चौपाटीपाशीं साताऱ्याकडील केडंबे गांवच्या तुकाराम ओंबळे यांनीं हातांत फक्त लाठी असतां कसाबाच्या बंदुकीची नळी छातीशीं धरून ठेवली. ते सहायक फौजदार होते, म्हणजे शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेले. त्या आडव्या भिंतीखालचे. त्यांस अशोकचक्र मिळालें, चौपाटीवर पुतळा झाला, लोकांनीं फुलें वाहिलीं. मरणोत्तर दिलेलें हें प्रेम खरें होतें. पण तें ज्या पोलिसाला मिळालें तो शेवटीं मेलेला होता. जिवंत पोलिसाशीं आपला संबंध येतो तो पासपोर्टाच्या चौकशीसाठीं, वाहतुकीच्या दंडासाठीं आणि गणपतीच्या गर्दींत वाट मिळावी म्हणून. आणि या तिन्ही प्रसंगीं आपल्याला नियमापेक्षां थोडी अधिक सवलत हवी असते. चोराला मात्र त्यानें नियमापेक्षां थोडें अधिक बडवावें अशीही आपली इच्छा असते. ज्याच्या एका हातानें लांच घेऊं नये आणि दुसऱ्या हातानें नियम मोडावा अशी अपेक्षा आपण करतों, तो मनुष्य संध्याकाळीं घरीं गेल्यावर कोणत्या हातानें जेवतो, हें आपल्याला पाहावयाचें नसतें.

प्रकाश सिंह यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं जे आदेश दिले त्यांचा भर अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्या, तपासाचें निराळें खातें, तक्रारींचीं प्राधिकरणें यांवर आहे. महाराष्ट्रानें २०१४ त कायदा दुरुस्त करून त्यांतील कांहीं भाग आपल्या सोयीनें घेतला. शिपायाचे तास या सर्वांच्या बाहेरच राहिले. ते हातीं घेतले एका शिपायानेंच. मुंबईंतील एका पोलीस कर्मचाऱ्यानें आठ तासांच्या तीन पाळ्यांचा तक्ता स्वतः आखून आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढें ठेविला. आयुक्तांनीं तो फेटाळला नाहीं, आणि २०१६ च्या मे महिन्यांत देवनार ठाण्यांत तो लागू झाला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं तो शहरांतील इतर ठाण्यांतही गेला. त्यांतील गणित साधें आहे. बारा तासांच्या दोन पाळ्यांस जितकीं माणसें लागतात त्यांच्या दीडपट माणसें आठ तासांच्या तीन पाळ्यांस लागतात. म्हणून तक्ता आखणारानें प्रथम हें मोजलें कीं, ठाण्यांतील किती माणसें खरोखर ठाण्याचें काम करतात आणि किती कागद नेण्याआणण्यांत, साहेबांच्या दिमतीस आणि कोर्टाच्या व्हरांड्यांत खर्च होतात. तीं माणसें पाळीवर आणून त्यानें तूट भरून काढली. गणपतीच्या दिवसांत, निवडणुकींत किंवा एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यांत बंदोबस्ताचा हुकूम सुटला म्हणजे मात्र तिसरी पाळी पहिल्या दोहोंत मिसळून जाते, आणि तक्ता भिंतीवर तसाच टांगलेला राहतो.